हरकत असल्यास उभं राहून सांगावी

भाईंदर पूर्वेच्या आमच्या चर्चच्या मराठी मंडळीचा एक मोबाईल आहे. उपासनेची वेळ, कुणाचं आजारपण, कुणाची मयत, सगळं त्यावरून एकशे चौदा घरांना जातं. ग्रुप मी मुद्दाम केला नाही. ग्रुप केला की गुड मॉर्निंगची फुलं सुरू होतात. प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो आणि उत्तर आलं तर फक्त त्या मोबाईलवर येतं. खाली 'आपले पाळक' असं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं पाळकसाहेबच टाइप करतात. पाळकसाहेबांना अजून चार्जर लावता येत नाही. पाच वर्षं तो मोबाईल माझ्या पर्समध्ये आहे.

मी विमलाबाई. वय बासष्ट, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू अनिश यांच्यासोबत राहते. यंदा मी पुन्हा लग्न करायचं ठरवलं. बाबाजी सहासष्टचे, चेणे गावात एकटेच राहतात, लग्नानंतर मी तिथंच जाणार; त्यांची बायको जाऊनही सहा वर्षं झाली. मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायला आम्ही दोघं जायचो, जाता-येता रिक्षात गप्पा व्हायच्या. मला त्या माणसाशी बोलायला आवडतं. एवढं कारण मला पुरतं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा करतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असल्यास उभं राहून सांगावी. हरकत म्हणजे काय, तर आधीचा जोडीदार जिवंत आहे, रक्ताचं नातं आहे किंवा वय कमी आहे. माझं वय कमी असल्याची तक्रार कुणी करणार नव्हतं. चाळीस वर्षांत मी कुणाला उभं राहिलेलं बघितलं नाही. पहिल्या रविवारी माझं नाव वाचलं, तेव्हाही सगळे गप्प बसून होते.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "निम्मे लोक येत नाहीत, घोषणा मेसेजवर पण टाका." माझ्याच लग्नाची घोषणा मीच टाइप केली. मेसेज लांबत होता म्हणून 'उभं राहून' हे दोन शब्द गाळले आणि नुसतं 'हरकत असल्यास कळवावी' असं लिहिलं. चूक तिथं झाली. बसल्या जागी अंगठ्याने कळवायचं म्हटल्यावर लोकांना कंठ फुटला.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते. पर्समधला मोबाईल सारखा थरथरायला लागला. हात धुऊन बघितलं. पहिली रसिका. हिच्या बाळंतपणात मी बारा दिवस डबा पोचवलाय. "पाळकसाहेब, नातवंडं असलेल्या बाईने असं करावं का? तरुण मुली काय शिकतील?" मग मंडळीचे पंच उत्तमराव. "हे मंडळीला शोभत नाही. माझं नाव बाहेर येऊ देऊ नये." असे नऊ झाले. दहावा माझ्या मुलाचा, अभिनवचा. "कसंही करून थांबवा. आईला माझं नाव सांगू नका."

तो तेव्हा हॉलमध्ये सोफ्यावर बसला होता. मध्ये फक्त फ्रिज. आई दोन मोबाईल घेऊन फिरते, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने तिथूनच विचारलं, "आई, जेवायला किती वेळ?" मी म्हटलं, "होतंय." मला इतकं वाईट वाटलं की बोंबलांना मीठ लावलं की नाही तेही आठवेना. मग राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं.

दहाही मेसेज पुसून टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मी लग्न करत होते, चोरी नाही. सोमवारी मोबाईल नेऊन पाळकसाहेबांसमोर ठेवला. त्यांनी वाचलं आणि कपाळ पुसलं.

"विमलाबाई, लेखी हरकती आल्यात. मला थांबावं लागेल असं वाटतंय. नाहीतर तुम्ही कोर्टात रजिस्टर करून या ना, शांतपणे."

"माझी मयत तरी चर्चमधून काढणार ना?"

"असं काय बोलता?"

"मग लग्नही इथंच. ज्यांची हरकत आहे त्यांनी उभं राहून सांगू दे. एक जरी खरी निघाली तर मी गप घरी जाते."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी एकशे चौदा घरांना मेसेज पाठवला. "उद्या शेवटची घोषणा आहे. ज्या दहा जणांनी हरकत कळवली त्यांनी ती मंडळीत उभं राहून सांगावी. हा मोबाईल पाच वर्षं माझ्याकडे असतो. आपली विमलाबाई." हॉलमधला टीव्ही बंद झाला. रात्री अभिनव खाली मान घालून जेवला. माझी सून संजना एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली.

रविवारी नाताळला असते तशी गर्दी झाली. पाळकसाहेबांनी आमची नावं वाचली आणि हरकतीचं विचारून थांबले. उत्तमराव गीतपुस्तकाची पानं उलटत होते, गीत कुणी सांगितलेलं नसताना. रसिका तर पोराचं नाकच पुसत बसली. मी पहिल्या बाकावरून उठले आणि मागे वळले.

"दहा जण होते," मी म्हटलं. "मला घाई नाही. थांबते."

मग अभिनव उठला. दहांतला तो एकटा उठला, आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही मला त्याचं कौतुक वाटलं.

"आई, घरी बोलूया ना."

"घरात बसून तू पाळकसाहेबांना मेसेज केलास. आता इथंच बोल."

त्याने संजनाकडे बघितलं. तिने मान वळवली.

"अगं, पण..." तो अडखळला. "सकाळी अनिशला स्कूलबसवर कोण सोडणार?"

मला वाटलं होतं तो बापाचं नाव घेईल. भिंतीवरच्या फोटोचं काय करायचं, असं विचारेल. ते विचारलं असतं तर मी रडले असते, कदाचित लग्न वर्षभर पुढंही ढकललं असतं.

"पाळकसाहेब," मी विचारलं, "हे कारण तुमच्या पुस्तकात आहे का?"

त्यांनी चष्मा वर केला. "नाही, विमलाबाई."

"बस सहा पन्नासला येते, अभिनव. डबा तू भरायचास, पाण्याची बाटलीही तूच. पाळकसाहेब, पुढचं वाचा."