तळाचं झाकण

लॅपटॉपच्या वरच्या झाकणावरचं चकचकीत नाव वाचून जो बॅटरी मागवतो, त्याला ताई मनातल्या मनात भोळा सांब म्हणायची. ते नाव म्हणजे नुसतं आडनाव, ती गिऱ्हाइकांना सांगायची. एका आडनावाची माणसं गल्लोगल्ली असतात, मला त्यातला नेमका माणूस हवाय. मग ती मशीन उलटं करायची. तळाच्या लेबलवर बारीक अक्षरांत खरं मॉडेल असतं, आकडे आणि आकड्यांमागची शेपटी. ती शेपटी वाचायचा कंटाळा केला की मागवलेली वस्तू बसत नाही आणि गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावानं खडे फोडत बसतं. लेबल घासून गेलं असेल तर मशीन चालू करून त्यालाच विचारावं. मशीन स्वतःचं नाव विसरत नाही, एवढं बरं आहे त्याचं.

तिचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधे उरलेली फट. एक टेबल, मानेवर वाकणारा दिवा, स्क्रू चिकटून राहावेत म्हणून लोहचुंबकाची थाळी, आणि भिंतीला लावलेले मेलेले लॅपटॉप, ज्यांचे अवयव काढून ती जिवंतांना बसवायची. त्या दुपारी ती एका कीबोर्डमधून सांडलेला चहा पुसत होती, तेव्हा धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, बॅटरी मागवली, ती बसतच नाही. परत करून दुसरी मागवली, तीही तसलीच. डोकं उठलंय माझं."

"कुठल्या लॅपटॉपची?"

"अगं, ह्यांच्या ऑफिसनं जुने काढले, त्यातला एक आणलाय. धड चालतो, पण चार्जर काढला की लगेच मान टाकतो."

"तळाचं लेबल वाच. शेपटीसकट."

"पाचशे दहा, पुढे के."

"आणि मागवलीस ती पाचशे दहाचीच?"

"मग! मी काय अगदीच बावळट आहे का?"

"ते अजून ठरायचंय," ताई म्हणाली. दोघी हसल्या. "बरं, चालू कर. खाली शोधायची चौकट आहे ना, तिथं सिस्टीम इन्फर्मेशन लिही. एक खिडकी उघडेल. तिच्यात सिस्टीम मॉडेल अशी ओळ असेल. तिथं काय लिहिलंय?"

टकटक ऐकू आली.

"पाचशे तीस के. हे काय गं? खाली एक आणि आत भलतंच?"

ताईनं हातातला बोळा टेबलावर ठेवला. चहा कीबोर्डवर तसाच राहिला.

खाली पाचशे दहा आणि आत पाचशे तीस असं मशीन कुठलाही कारखाना बनवत नाही. असं एकच मशीन ताईला माहीत होतं, आणि ते तिनंच केलं होतं. बाबांच्या हातून लॅपटॉप पडला होता, तळ तडकला होता. पाचशे तीसचं झाकण कुठं मिळेना, म्हणून तिनं भिंतीवरच्या एका मेलेल्या पाचशे दहाचं झाकण काढलं, एका कोपऱ्यात आडवं येणारं प्लास्टिक कानशीनं घासलं आणि बसवून दिलं. बाबा म्हणाले होते, "म्हणजे आता हा दुसऱ्याचे बूट घालून फिरणार." तेव्हा त्यांना आवाज होता.

तो आवाज जाणार हे आधीच कळलं होतं. घशाचं ऑपरेशन करायचं, जीव राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हा बाबा ताईकडे राहत होते. ऑपरेशनच्या आधीचे काही आठवडे ते रोज सकाळी लॅपटॉपसमोर बसून बोलायचे. लहानपणच्या खोड्या, आईशी झालेलं पहिलं भांडण, शेजाऱ्यांच्या नकला, बातम्यासुद्धा मोठ्यानं वाचायचे आणि वर मंत्र्यांना शिव्या घालायचे. शेवटचा दिवस सोडला तर रोज रेकॉर्डिंगचं बटण ताईच दाबायची. "ठमे, चालू केलंस का?" इथून प्रत्येक सकाळ सुरू व्हायची. ती लहानपणी गुबगुबीत होती, म्हणून ठमी.

एक अट मात्र त्यांनी घातली होती. मी आहे तोवर यातलं काही कुणी वाजवायचं नाही, त्याची नक्कलसुद्धा काढायची नाही. मुक्या माणसासमोर त्याचा आवाज लावणं म्हणजे पंगूला त्याचे पळतानाचे फोटो दाखवणं, असं ते म्हणाले. ताईनं शब्द दिला आणि पाळला. जगभरच्या लोकांना दोन-दोन ठिकाणी कॉपी ठेवा म्हणून दटावणारी बाई, आणि बापाचा आवाज एकाच डबड्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ऑपरेशननंतर ताईचा तिसरा मजला त्यांना झेपेना. धाकटीचं घर तळमजल्यावर होतं, ते तिकडे गेले. पाटीवर खडूनं लिहून बोलायचे आणि लॅपटॉपवर पत्ते खेळायचे. गेले ते तिच्याच घरी. सगळं आटोपल्यावर ताईनं लॅपटॉप मागितला, तेव्हा धाकटी रडायला लागली. वरची पाण्याची टाकी गळली, कपाट भिजलं, लॅपटॉप पार कुजला, भंगारवाल्याला देऊन टाकला, त्यात बाबांचा आवाज होता हे त्या गडबडीत सुचलंच नाही. ताईनं तिला जवळ घेतलं होतं. तुझा काय दोष, असं तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती. नंतर ती भंगारच्या दुकानांतून वणवण फिरली, ढिगातले लॅपटॉप उलटे करकरून लेबलं वाचत राहिली. एके दिवशी धाकटीसुद्धा बरोबर आली होती. पदर खोचून, हात काळे करून, तिनंही लेबलं वाचली होती.

"ताई? आहेस ना?"

"आहे. घेऊन ये इकडे. पाचशे तीसची बॅटरी माझ्याकडे पडलीय, बसवून देते."

तिचा स्वर नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

धाकटी तासाभरात आली. लॅपटॉप कापडी पिशवीत होता. ताईनं तो उलटा केला, स्क्रू काढून चुंबकाच्या थाळीत टाकले आणि झाकण उचलून दिव्याखाली धरलं. कोपरा घासलेला होता. कानशीचे तिरके ओरखडे, घाईत घासताना एकदा घसरल्याची खूण. आपली सही माणूस विसरेल, आपली चूक विसरत नाही.

तिनं आधी बॅटरी बसवली. जोडणीची पट्टी पहिल्या झटक्यात बसली. मग मशीन चालू करून ती आतले कप्पे एकेक उघडत गेली. सहलीचे फोटो, सिनेमे, कुणाकुणाच्या लग्नाचे व्हिडिओ. पुसलेल्या फायली हुडकायचं तिचं साधन तिनं लावलं आणि दोघी पडद्याकडं बघत बसल्या. धाकटी काही विचारेना. तिथंच ताईला उत्तर मिळालं. साधनानं शेवटी हात टेकले. जिथं बाबा होते, तिथं वरून पुन्हा पुन्हा सिनेमे भरले गेले होते.

"भंगारच्या दुकानात तू माझ्याबरोबर आली होतीस," ताई म्हणाली.

धाकटीनं मान खाली घातली.

"माझ्या शेजारी उकिडवी बसून लेबलं वाचत होतीस. आणि हा तुझ्या घरात होता."

"तेव्हाच सांगणार होते."

"मग?"

"तू इतकी वेड्यासारखी शोधत होतीस की तोंडच उघडेना."

"मी विचारतेय ते हे नाही. का पुसलंस?"

धाकटी पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. मग एकदम बोलायला लागली.

"ते गेल्यावर लावलं मी. म्हटलं, आवाज ऐकावा. पहिली फाईल लावली, ठमे. दुसरी लावली, ठमे. चार-पाच लावल्या, सगळीकडे ठमे, ठमे, ठमे. शेवटपर्यंत त्यांचं पथ्यपाणी मी केलं, ताई. त्यांची पाटी मी पुसली. घशातली ती नळी मी धुतली. तू रविवारी यायचीस, फळं घेऊन. आणि बोलायचं होतं ते सगळं तुझ्याशीच. त्याच रागात पुसलं. दुसऱ्या दिवशी मलाच माझी लाज वाटली, म्हणून टाकी गळवली."

ताईला संताप आला. गळा आवळावा असा आला. इतकी वर्षं हिच्या डोळ्यांतलं पाणी आपण पुसलं, आणि हिनं केसानं गळा कापला. पण त्या संतापाच्या आत आणखी काहीतरी होतं, आणि ते जास्त दुखत होतं.

"ठमे म्हणायचे, कारण बटण मी दाबत होते," ती म्हणाली. "समोर मी बसलेली असायचे. समोरच्या माणसाला हाक मारतात, बाई. बोलत होते ते आपल्या दोघींसाठी."

धाकटीनं वर पाहिलं.

"शेवटच्या दिवशी तर मी समोरही नव्हते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. म्हणाले, ठमे, बटण दाखवून ठेव आणि जा. आज शेंडेफळाशी बोलायचंय."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि टेबलावरची चुंबकाची थाळी हलली.

"तेवढी नाही ऐकलीस ना तू?" ताईनं विचारलं. ऐकली नव्हती हे तिला दिसत होतं. तरी तिनं विचारलं, कारण लागावं असंच तिला वाटत होतं.

धाकटीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "काय म्हणाले होते?"

"खूप वेळ बोलत होते. मधे एकदा हसले."

"ताई, काय म्हणाले होते?"

"दार लावून घेतलं होतं त्यांनी," ताई म्हणाली. "मला काय माहीत?"

तिनं लॅपटॉप बंद करून उलटा केला, घासलेल्या कोपऱ्याचं झाकण बसवलं आणि एकेक स्क्रू आवळून बहिणीसमोर सरकवला. मग तिनं दिव्याची मान वाकवली आणि चहा सांडलेला कीबोर्ड पुढ्यात ओढला. धाकटी लॅपटॉपवर हात ठेवून तशीच बसून राहिली.