मोजणीत भरलेली पिन

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचे पाय दुमडू नयेत म्हणून प्रत्येक पायात एक पिन खोचतात. एवढं अवाढव्य विमान आमच्या भरवशावर उभं असतं. आमच्या म्हणजे माझ्या तीन बहिणींच्या. मी चौथी, जादा. माझं आयुष्य एका मेकॅनिककाकांच्या पँटच्या खिशात, घराच्या किल्ल्यांशेजारी गेलं.

घडले मात्र मी बहिणींसारखीच. तेच पोलाद, तीच लाल फीत. फक्त त्यांच्यावर विमानाचा नंबर कोरलेला होता, माझ्यावर काहीच नव्हतं.

उड्डाणाआधी तिघींना काढून पिशवीत घालतात. कॅप्टनबाई मोजतात, सही करतात. एकदा एक कमी भरली, विमान चार तास खोळंबलं आणि काकांना सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली. तेव्हापासून मी खिशात, अडीअडचणीला.

ती अडचण एका स्वच्छ सकाळी आली. काकू त्याच विमानाने माहेरी निघाल्या होत्या. काकांनी दोन पिना काढल्या, तेवढ्यात काकूंनी शिडीवरून हाक मारली.

“अहो, टाकीचा नळ बंद केलात ना?”

“केला गं बाई!”

“मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. खालच्यांच्या गादीला विचारा.”

शिडीवरचे प्रवासी खदाखदा हसले. काका ओशाळून कामाकडे वळले. हातात पिना दोनच. तिसरी आपणच काढून कुठेतरी पाडली, असं त्यांना वाटलं. “नंतर शोधू,” असं पुटपुटत त्यांनी मला पिशवीत टाकलं. डाव्या पायाशी वाकून काही पाहिलं नाही. तिसरी तिथेच होती, इमानेइतबारे.

“एक, दोन, तीन. झकास,” म्हणत कॅप्टनबाईंनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी मोजलं होतं. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

विमान उडालं. दोन पाय आत गेले, डावा लोंबकळत राहिला. बाईंनी पिशवी पुन्हा मोजली. तीनच. म्हणजे पिन राहिलेली नाही, पायच आतून मोडला असणार. आणि मोडका पाय जमिनीला टेकताच दुमडला, तर मागच्या एकशे बेचाळीस माणसांचं काय, हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. विमान घिरट्या घालू लागलं.

खालून काकांनाही तो पाय दिसत होता. गप्प राहिले असते तर नोकरी शाबूत होती. रेडिओवर त्यांचाच आवाज आला.

“मॅडम, पिना नीट बघा. एकीवर नंबर नाही. ती माझ्या खिशातली.”

“मग खरी कुठेय?”

“डाव्या पायात. पाय धड आहे. बिनधास्त उतरवा.”

“काका, हे सगळा विमानतळ ऐकतोय.”

“ऐकू द्या. बायको आहे हो माझी आत.”

विमान अलगद उतरलं. काकू खाली आल्या आणि काकांना एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याने ते जास्त हादरले.

मित्रांनो, आकडा जुळला म्हणजे काम झालं, असं समजू नका. वाकून बघा. कंबर दुखली तरी चालेल. आणि आमच्यासारख्यांना खिशात बाळगू नका. आम्ही फार आज्ञाधारक असतो, टाकाल तिथे मोजून घेतो.

चौकशी होऊन काकांची बदली झाली. आता ते हरवलेल्या सामानाचा विभाग सांभाळतात.