तीनशे बारा पानांची नावे

प्रशासन अधिकाऱ्यांनी तक्रारीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि समोरच्याला तो दिसत नाही हे ध्यानात येताच ओशाळून मागे घेतला. समोर इस्पितळाचा टेलिफोन ऑपरेटर उभा होता. जन्मापासून आंधळा, आणि गेली एकोणीस वर्षे फोनवरून लोकांना वाट दाखवणारा.

ही महिन्यातली तिसरी तक्रार. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बायकोला घेऊन एक म्हातारे गृहस्थ दोन बस बदलून मंगळवारी आले, तर डोळ्यांच्या विभागाला कुलूप. ऑपरेटरने मंगळवार सांगितला होता, आणि मंगळवार हा कानाचा वार. वेबसाइटवर काय लिहिले आहे ते विचारायला टायपिस्टबाईंना बोलावले होते. टाइपरायटर केव्हाच भंगारात गेले, वेबसाइट सांभाळणे बाईंच्या गळ्यात पडले, तरी नाव तेच चिकटून राहिले. वेबसाइटवर गुरुवारच होता. बाईंनी तसे सांगितले, पण सांगताना त्यांना बरे वाटले नाही.

साहेबांनी फार ताणले नाही. सोमवारपासून ऑपरेटरने टपाल विभागात बसून पाकिटे चिकटवावीत, असे ठरले.

"चुकलं ते चुकलंच, साहेब," एवढेच बोलून तो बाहेर पडला.

बाई त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीत गेल्या. इतका चोख माणूस असा चुकतो कसा, हे त्यांना कळेना. त्याने खुर्चीत बसून संगणकावर चार-पाच पाने उघडली आणि एकेका पानावर जाऊन दाखवले. पडदा वाचून दाखवणारा आवाज दर वेळी एकच बोलला. आपले स्वागत आहे. आपले स्वागत आहे. आपले स्वागत आहे.

"पानावर गेलं की आवाज आधी त्याचं नाव सांगतो, ती नावं ही," ऑपरेटर म्हणाला. "कान, डोळे, हाडं, सगळ्यांचं नाव एकच. मी मोजून लक्षात ठेवतो, तिसरं कान, चौथं डोळे. फोनावर फोन आले की मोजणी चुकते."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसत असेल."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. सहा वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या प्रशिक्षणावर त्यांनी ही वेबसाइट उभी केली होती. पानाचा वरचा भाग एकदाच एका फाइलमध्ये लिहायचा आणि तीच फाइल प्रत्येक पानाला जोडायची, म्हणजे एके ठिकाणी बदल केला की सगळीकडे होतो. या युक्तीचा त्यांना केवढा अभिमान होता. पण पानाचे नावही त्याच फाइलमध्ये होते. डोळस माणूस खालचा ठळक मथळा वाचतो, वरच्या बारीक पट्टीतल्या नावाकडे कोण बघतो?

त्या तडक साहेबांकडे गेल्या, नावांचा घोळ सांगितला आणि म्हणाल्या, "चूक त्यांची नाही, माझी आहे. लिहून देते."

साहेबांनाही तोच प्रश्न पडला. "ते नाव बघतं कोण?"

"ते बघत नाहीत, साहेब. ऐकतात."

साहेबांनी तक्रारीचा कागद खणात ठेवला. मग सोमवार सकाळपर्यंत थांबतो म्हणाले. त्या दिवशी बुधवार होता.

वरच्या फाइलमधले काम दहा मिनिटांचे. नावाच्या जागी बाईंनी रिकामी जागा ठेवली. आता प्रत्येक पानाने आधी आपले नाव सांगायचे आणि मगच ती फाइल जोडून घ्यायची. एखादे पान राहून गेलेच, तर 'या पानाला नाव नाही' असे ऐकू येईल, अशीही सोय केली. खरी कसोटी पुढे होती. पाने तीनशे बारा, आणि प्रत्येक उघडून, वाचून, त्याला शोभेल असे नाव द्यायचे.

पहिली चाळीस झाल्यावर त्यांनी ऑपरेटरला ऐकवली. प्रत्येक नावाची सुरुवात इस्पितळाच्या लांबलचक नावाने होत होती.

"बाई, आधी डोळे म्हणा," तो हसून म्हणाला. "इस्पितळात बसलोय हे मला ठाऊक आहे."

बाईंनी चाळीसच्या चाळीस नावे उलटी केली. शवागाराचे पान उघडले तेव्हा त्यांचा हात थबकला. सहा वर्षे तेही पान लोकांचे स्वागत करत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लिहिले, 'शवागार : देह ताब्यात घेण्याची वेळ'. रविवारी काम घरीच चालू ठेवले, तेव्हा नवऱ्याने स्वयंपाकाचा ताबा घेतला, भाजी करपवली आणि वर ती खमंग झाल्याची बढाई मारली. बाईंनी मान वर न करता ती खाल्ली.

सोमवारी साहेब स्वतः ऑपरेटरच्या खोलीत येऊन उभे राहिले. पहिलाच फोन एका बाईचा, बाळाच्या लसीचा वार आणि वडिलांच्या एक्स-रेची वेळ एकाच दमात विचारणारा. आवाज बोलला, लसीकरण. पुढच्या पानावर बोलला, एक्स-रे. ऑपरेटरने दोन्ही उत्तरे सावकाश, शांतपणे दिली आणि जिन्याऐवजी लिफ्ट कुठे आहे तेही सांगितले. तासभर फोन येत राहिले. साहेबांनी बदलीचा हुकूम चौघडी करून खिशात घातला आणि निघून गेले.

वर्षअखेरीला कामाचा अहवाल भरायची वेळ आली. 'विशेष काम' या रकान्यात बाईंनी नेहमीप्रमाणे आडवी रेघ मारली. त्याखाली 'झालेल्या चुका' असा रकाना होता. तो इस्पितळात आजवर कुणीच भरलेला नव्हता. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'पानांची नावे सहा वर्षे चुकीची होती. दुरुस्त केली.' आणि खाली सही केली.