मुरलेलं पाणी

हे लिहायचं नव्हतंच. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. लिहिलं की नवनाथचं पितळ उघडं पडतं. पडू दे.

तर नवनाथ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी फिटर, राहायला जेलरोडला. घरात दोन फुटी फिशटँक, सगळं मोबाईलवर बघून शिकलेला. बिल्डिंगमधलं एखादं पोर जेवत नसलं की त्याची आई ताटलीसकट त्याला नवनाथकडे आणायची. मासे बघत पोर गपागप खायचं. नवनाथला त्याचा फार अभिमान.

मग वरच्या मजल्यावर हर्षल राहायला आला, शाळेपासूनचा मित्र. त्यानं आल्या आल्या चार फुटी टँक घेतला. निळा लाईट, काळी वाळू.

"नव्या, तूच लावून दे. मला यातलं काही कळत नाही."

नवनाथ वाळू धूत होता नि आतून धुमसत होता. ह्याला कळत नाही तरी चार फुटी. आपल्याला कळतं तर दोन फुटी, तोही सिलिकॉन लावून लावून टिकवलेला.

पण तेव्हा त्यानं खरं सांगितलं. "महिनाभर मासे आणायचे नाहीत. फिल्टर चोवीस तास चालू. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं."

"मासे नाहीत तर खाणार कोण?"

"ते कुजतं, त्यावर चांगले जंतू वाढतात. स्पंजमध्ये घर करतात. पुढे माशांची घाण तेच पचवतात. लोणचं मुरतं तसं पाणी मुरू दे."

हर्षलनं वीस दिवस इमानदारीत केलं. आणि त्या वीस दिवसांत सगळ्या ताटल्या नवनाथच्या दारावरून वर जायला लागल्या. टँकमध्ये एक मासा नाही, तरी निळ्या लाईटसमोर पोरं वरणभात खात होती. हे नवनाथला लय झोंबलं.

शनिवारी संध्याकाळी तो वर गेला, तर पाणी लख्ख. गॅलरीच्या ग्रीलवर फिल्टरचा स्पंज वाळत घातलेला, पांढराशुभ्र. हर्षलची आई विमलाबाई घोटीहून आली होती. दुसऱ्या दिवशी घरात पूजा.

"काकू, हा कोणी धुतला?"

"मीच. वीस दिसांचं शिळं पाणी घरात ठेवतं का कोणी? काल नळ आला तसं सगळं उपसलं, ताजं भरलं. स्पंजात काय मळ होता रे, नळाखाली चोळून काढला."

वीस दिवसांचं मुरवणं मोरीतून वाहून गेलं होतं. तेवढ्यात हर्षल आला, हातात पिशवी, पिशवीत आठ गोल्डफिश.

"उद्या पाहुणे येतायत रे. महिना भरायच्या आठवडाभर आधी टाकले तर चालेल ना?"

नवनाथनं ग्रीलकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं.

"टाक की. पाणी मस्त झालंय."

जिना उतरताना त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, मस्त वाटलं.

मंगळवारी हर्षलचा फोन. "मासे वर येऊन नुसते तोंड हलवतायत. दोन मेले."

नवनाथ वर गेला. विमलाबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या.

"हर्षल म्हणतो मीच मारले," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत बाबा."

"मग काय," हर्षल तणतणला. "कोणी सांगितलं होतं स्पंज धुवायला?"

"काकूंना बोलू नको," नवनाथ म्हणाला. "मी शनिवारीच बघितला होता धुतलेला स्पंज. तरी टाक म्हणालो."

"का?"

"जळलो. तुझ्या टँकवर."

हर्षलनं आधी टँककडे बघितलं. मग म्हणाला, "पाण्यावर पण जळतो होय रे तू?"

नवनाथ खाली गेला. स्वतःच्या फिल्टरमधला स्पंज अर्धा कापला, काळा, गळणारा, तसाच वर आणून हर्षलच्या फिल्टरमध्ये बसवला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून घरी भरून ठेवलेल्या बादल्या वर आणल्या, अर्धं पाणी बदललं. विमलाबाईंनी नाकाला पदर लावला.

"काकू, हा धुवायचा नाही."

"हात नाय लावत बाबा."

हर्षल अजून तोंड फुगवून होता. "परत जळणार नाहीस ना?"

"ते नाही सांगू शकत," नवनाथ म्हणाला. "जळेन. पण पुढच्या वेळी जळलो की आधी तुला येऊन सांगेन. तू मासे सोडायच्या आधी. हा शब्द."