शेवटची धार

"शटर खाले ओढ," प्रमिलाबाई म्हणाली. "आन मी सांगत नही तवलोंग उघडू नको."

भूषणने डेअरीचं शटर अर्ध्यावर आणलं. शिंदखेड्याच्या अलीकडचं ते गाव. सकाळची वेळ, दूध घालायला माणसं रांगेत उभी, आणि हा बाबा आत फॅट मशीनपुढे बायकोचं दूध वाटीत घेऊन घामाघूम झालेला. बाहेर दारात त्याची माय आडवी. प्रमिलाबाई अशी आडवी उभी राहिली की रेडासुद्धा वाट बदलतो. एकदा तिने हाक मारली तर सुटलेली एसटी उलटी स्टँडात शिरली होती. ज्यांनी पाहिलं ते आजही शपथेवर सांगतात.

गिरधरनाना कॅन घेऊन पुढे सरकले. एवढा उशीर कसला, त्यांनी विचारलं.

"मशीनले ताप उना शे," ती म्हणाली.

मग गोळी द्या त्याला, म्हणून नाना बिडी शिलगावत मागे झाले.

आत फॅटचा आकडा लागला. दीड. भूषणने मशीन पुसून, वाटी हलवून पुन्हा पाहिलं. दीडच.

"माय," तो शटरखालून हळूच म्हणाला, "हाई दूध कोनी आनं अस्तं, ते पाणी टाकं म्हनीसन मी कॅन परत धाडतू."

प्रमिलाबाईने उरलेलं शटरही खाली ओढलं. 

झालं होतं असं, की भूषणची बायको रत्ना बाळंत होऊन दोन महिने झाले होते आणि बाळ काही भरत नव्हतं. उपकेंद्राच्या नर्सबाई, कुंदाबाई, दर मंगळवारी वजन घ्यायच्या. दोन मंगळवार काटा होता तिथेच. या मंगळवारी हलला नाही तर सरळ धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून प्रमिलाबाईला खाट टोचत होती आणि जमीन पोळत होती. घरातून ओट्यावर, ओट्यावरून गोठ्यात, गोठ्यातून परत पाळण्याशी. अंगणात तिच्या चालण्याने पायवाट पडली. त्यात डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी, सगळं रत्नाच्या ताटात. मेथी तर इतकी, की पोरीच्या घामालासुद्धा फोडणीचा वास यायला लागला.

आणि वर त्या घरातला नियम. प्रमिलाबाईला तिच्या सासूने दिलेला, सासूला तिच्या सासूने. बाईचं एक अंग जेवणाचं, एक अंग पाण्याचं. म्हणून बाळाला एकीकडे जरा पाजलं की लगेच दुसरीकडे घ्यायचं. रत्ना पाजायला बसली की ही शेजारी पाटावर. बाळाने डोळे मिटून लय धरली रे धरली, की हिचं सुरू. बदल.

रत्ना अमळनेरची, कॉलेज केलेली. एक बाजू बाळ आपणहून सोडेपर्यंत पाजा, असं कुंदाबाई म्हणाल्या होत्या, हे तिने दोनदा सांगून पाहिलं.

"तू जेवाले बसस ते तांब्या लिसन बसस ना?" प्रमिलाबाई म्हणाली होती. "मंग लेकरूले ठसका लागू देवानं का?"

आता यावर कॉलेजात काय उत्तर शिकवतात?

डेअरीतून ती घरी आली ती तरातरा. दीड आकडा सांगितला. खालच्या गल्लीतली शेळी ठरवते, आजपासून शेळीचंच द्यायचं, म्हणाली. रत्ना रडेल असं तिला वाटलं होतं. रत्ना बाळाच्या बारीक मांड्यांकडे बघत राहिली. त्यांवरची कातडी ढगळ झबल्यासारखी झाली होती.

"मंगळवारपर्यंत थांबा, आत्या," ती म्हणाली. "मग शेळी आणा नाहीतर हत्तीण आणा."

संध्याकाळी प्रमिलाबाई म्हशीखाली बसली. पण मनात ती निळसर पातळ वाटी डुचमळत होती. बादली थोडी भरली तशी ती उठायला लागली.

भूषण कॅन घेऊन गोठ्याच्या दारात उभा होता. तो हसला. "शेवटली धार सोडी दिधी का, माय? मंग फॅट कसा लागी?"

हे तिनेच त्याला शिकवलं होतं. त्याला काय, साऱ्या गल्लीला. पहिली धार मांजरीला, शेवटची धार तुपाला. दूध सगळं एकाच सडाचं, पण आधी येतं ते पाणी आणि मागून येते ती साय. शेवटची धार सोडणारीला ती आळशी म्हणायची, आणि तेही चौकात.

प्रमिलाबाई सड धरून तशीच राहिली. सकाळी वाटीत काय घेतलं होतं? पाजायच्या आधीच्या चार धारा. आणि बाळाला दोन महिने काय मिळत होतं? इकडची पहिली धार, मग तिकडची पहिली धार.

ती उठली ती बादलीचं भान न ठेवता. म्हशीने लाथ घातली, दूध पार उकिरड्यापर्यंत गेलं आणि गावातली मांजरं तीन दिवस जेवली नाहीत म्हणतात. घरात रत्ना पाजत होती. सासूला येताना बघून तिने सवयीने बाळाच्या तोंडात बोट घालून त्याला सोडवायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे," प्रमिलाबाई धापा टाकत म्हणाली. "तठेच ऱ्हाऊ दे."

"आणि पाणी?"

"पाणी त्यानी पहिलेच पिधं. आते जेवू दे."

बाळ पीत राहिलं. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून सोडलं, आणि आवळलेल्या मुठी उघडून ते लग्नातल्या पंगतीवरून उठल्यासारखं आडवं पडलं. रत्नाने चमच्यात दोन थेंब काढले. पिवळसर, चमच्याला धरून राहिलेले. भूषण म्हणाला, पुन्हा मशीन लावू. त्याला दोघींनी मिळून हाकललं.

मंगळवारी उपकेंद्रात काटा हलला. चांगला हलला. भूषण पेढे आणायला धावला. रत्नाने कुंदाबाईंना सगळं सांगितलं, अगदी फॅट मशीनसकट. कुंदाबाई हसल्या, पण त्यांनी दटावलंही. दोन्हीकडे सारखंच दूध असतं, म्हणाल्या. सुरुवातीला पातळ, तहान भागवणारं. मग हळूहळू दाट, अंग भरणारं. एक बाजू पुरती होऊ द्या, मग हवी तर दुसरी. आणि मशीन म्हशींसाठी ठेवा.

प्रमिलाबाई बाकावर बसून ऐकत होती. भूषणच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, माहेरी, पहूरला. सासूच्या नियमानेच पाजलेली, सारखी चोखायची आणि तरी किरकिरायची. इवल्याशा तोंडाची. तिचं बारसं झालं, पण पुढचा पोळा तिने पाहिला नाही. देवाने नेली, असं सगळे म्हणाले आणि प्रमिलाबाईही तेच म्हणत आली. भूषणला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "हाई असं बठ्ठा लेकरेस्नं ऱ्हास का? पहिलेपाईन?"

"हो आजी, सगळ्याच लेकरांचं. पहिल्यापासून असंच."

"पोरगी ऱ्हायनी तरी?"

कुंदाबाईंना हसू आलं. "दूध काय मुलगा-मुलगी बघतं?"

"नही," प्रमिलाबाई म्हणाली. "दूध नही दखत."

रत्ना बाळाला घेऊन बाहेर निघाली. चला आत्या, म्हणाली. प्रमिलाबाई उठली नाही. पुढच्या नंबरची बाई सातपुड्याकडच्या पाड्यावरून आलेली होती. काखेत पिशवी, छातीशी तान्हं लेकरू, आणि दाराशी चपला काढायची धडपड.

"पोरगी शे?" प्रमिलाबाईने विचारलं.

बाईने हो म्हणून मान हलवली.

"दे आठे."

तिने ती पोर दोन्ही हातांत घेतली, मान तळव्यावर तोलली, आणि नंबर पुकारला जाईपर्यंत तशीच, जराही न हलता, बसून राहिली.