दोन्ही बाजूंना विजया

विबियाचे बाबा काल गेले. आज दुपारी ती सराफाच्या फळीसमोर उभी होती. संध्याकाळी चिता, त्याआधी बाबांच्या जिभेखाली नाणं ठेवायचं, मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यासाठी.

"तांब्याचं चालतं गं," ती निघताना आत्या म्हणाली होती. "नावाडी काही चांदी घासून बघत नाही."

पण बाबांनी विजयादेवीचंच नाणं मागितलं होतं. जूनो देवीच्या देवळाशेजारच्या टाकसाळीत त्यांनी जन्मभर नाण्यांचे ठसे कोरले. दरवर्षी नवे अधिकारी येत. कुणाला आजोबांचा रथ हवा असे, कुणाला पणजोबांनी मारलेला हत्ती. एका वर्षी मात्र विजयादेवीचा चेहरा कसा हवा ते कुणीच सांगितलं नाही. बाबांनी नुकत्याच वारलेल्या बायकोचा कोरला. विबिया तेव्हा पाळण्यात होती. आईला तिने पाहिलं ते नाण्यांवरच, आणि नाणी घरात टिकत नसत.

स्ताबेरियस सराफाने जुन्या चांदीची टोपली उपडी केली. विजया सापडत होत्या. पण कुठे नाक झिजलेलं, कुठे ठसा सरकून कपाळच गायब, कुठे चांदी पारखणाऱ्याच्या छिन्नीचा घाव थेट गालावर.

"हे एक आहे," तो ओशाळून म्हणाला. "पण वाया गेलेलं. आधीचं नाणं वरच्या, रथाच्या ठशाला चिकटून राहिलं आणि घणवाल्या गाढवाने तसाच घण घातला. रथ उमटलाच नाही. दोन्हीकडे बाईच."

एका बाजूचा चेहरा हाताळून पुसट झाला होता. दुसऱ्या बाजूचा उलटा, चांदीत खोल रुतलेला. तिथवर कुणाचं बोट पोचलं नव्हतं. वरचा ओठ किंचित मुडपलेला होता. विबियाने स्वतःच्या ओठाला हात लावला.

घरी बाबांना दाराकडे पाय करून ठेवलं होतं.

"मिळालं?" आत्याने विचारलं.

"एकच मिळालं."

"मग? नावाड्याला एकच लागतं."

"आत्या, आईला मी आजच नीट पाहिलं."

आत्याने दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "बघून घे. उचलायला येतीलच आता."

विबिया बाबांच्या कामाच्या जागी जाऊन बसली. तिथे मेणाचा गोळा पडला होता, त्यावर त्यांच्या अंगठ्याच्या खुणा. कोरता कोरता ते ठसा मेणावर दाबत आणि तिला विचारत, "बघ, माणसासारखं दिसतंय का?" ती खेळातून मान वर न करताच हो म्हणे.

अंगठ्याची बाजू सोडून तिने दुसरीकडून चिमूटभर मेण तोडलं, तळहातात मऊ केलं आणि नाण्याची रुतलेली बाजू त्यावर दाबली. नाणं उचललं, तेव्हा आई मेणातून वर आली होती, सुलटी.

थोरामोठ्यांच्या घरी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवतात. विबियाचा नखाएवढा होता.

"आत्या," ती म्हणाली, "बाबांची हनुवटी जरा धर."

नाणं जिभेखाली गेलं. बाहेर ऊन अजून कडक होतं. तिने मेण पाण्याच्या माठाआड गारव्याला ठेवलं आणि ती बाबांच्या तिरडीमागून निघाली.