सातव्या प्रकरणाचा तपास

बढतीच्या परीक्षेची हवालदारांची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. नडत होता एकच विषय: माणूस गुन्हा का करतो. सव्वीस वर्षं चोर धरले, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. उत्तरं होती मुख्यालयाच्या ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकात, सातव्या प्रकरणात. आणि ते पुस्तक घरी न्यायला मनाई. मंगळवारी ग्रंथपालबाई चहाला गेल्या, तशी हवालदारांनी बावीस पानं हळूच फाडून सदऱ्यात घातली.

पानं घरी गादीखाली ठेवून केलेलं पाठांतर झकास झालं. पण शुक्रवारी साहेबांनी बोलावलं.

"ग्रंथालयातली पानं चोरलीत कुणीतरी. तपास तुम्हीच करा. तुमचा अभ्यासाचा विषयच आहे ना?"

हवालदार तपासाला मनोभावे बसले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. सातव्या प्रकरणातलं एकेक कारण ते स्वतःला लावून पाहू लागले. गरिबी? पगार वेळेवर होत होता. वाईट संगत? सगळी उमर पोलिसांत गेलेली. हे लिहून त्यांनी खोडलं. समाजाशी तुटलेलं नातं? गल्लीत कुणाचं दुखलंखुपलं की पहिली हाक त्यांनाच. राहता राहिली संधी. ती चपखल बसत होती, शिवाय सगळा दोष चहाला गेलेल्या बाईंवर जात होता. अहवाल लिहून त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला.

ती भाजी निवडत होती. "अहो, तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"दोघं. वाचत बसले होते."

"त्यांनी नाही फाडली?"

"छे."

"मग बाई काय फक्त तुमच्यापुरत्या चहाला गेल्या होत्या?"

हवालदारांनी अहवालाची घडी घातली.

"गादी झटकली मी काल," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

सोमवारी त्यांनी पानं बाईंसमोर ठेवली आणि साहेबांना एका ओळीचा अहवाल दिला: आरोपी मीच, कारण सापडलं नाही.

परीक्षेला त्यांना बसू दिलं नाही. गंमत अशी, की सातवं प्रकरण तोंडपाठ असलेला मुख्यालयात तो एकच माणूस. त्यामुळे आता परीक्षेला बसणारी मंडळी शिकवणीला त्यांच्याकडेच येतात. हवालदार ग्रंथालयात बसून जीव ओतून शिकवतात.

फक्त बाई चहाला निघाल्या, की शिकवणं अर्ध्यावर सोडून तेही उठतात आणि बाई परत येईपर्यंत दाराबाहेर उभे राहतात.